दातोबाची कबर

आमच्या सासूबाईंची दाढ त्या काळी सगळ्या शुक्रवार पेठेला माहीत होती. मी लग्न होऊन मोडनिंबाहून सोलापुरात आले तेव्हा ती दुखायला लागून बरीच वर्षं झाली होती आणि घरात तिचा मान एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा होता. स्वयंपाक काय करायचा ते दाढेला विचारून ठरायचं. भाकरी तिला चालत नसे, दुधात कुस्करली तरी चालत नसे, म्हणून सोलापुरासारख्या ज्वारीच्या गावात आमच्याकडं पुरुषांपुरत्या दोन भाकऱ्या आणि बाकी रोज गुरगुट्या भात. दाढ ठणकायला लागली की सासूबाई गालाला फडकं बांधून माजघरात बसत. तोंड उघडायचं नसल्यामुळं सगळे हुकूम हातानं देत. मी नवी होते. हाताच्या एका खुणेचा अर्थ 'आमटी उतरव' असा होता आणि जवळजवळ तशाच दुसऱ्या खुणेचा 'मेलीस का तिकडं' असा. त्यातला फरक कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले. त्यांचे स्वतःचे दात एकूण एक शाबूत होते, ही त्या घरातली दुसरी अडचण. जेवणानंतर ते अख्खी सुपारी दाढेखाली फोडत. तिचा कट्ट असा आवाज झाला की माजघरात सासूबाई डोळे मिटून घेत. मामंजी सुधारक होते. देव मानत नव्हते असं नाही, पण देवानं पेन्शनर माणसासारखं आपल्या घरी बसावं, लोकांच्या कामात पडू नये, असं त्यांचं मत होतं. नवस, अंगारे, उतारे यांचा त्यांना भयंकर तिटकारा. दाढेवर त्यांचे दोन उपाय होते. एक मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि त्यानं नाही भागलं तर सरकारी दवाखान्यात जाऊन ती काढून टाकणं. पहिला उपाय सासूबाई अधूनमधून करत. दुसरा त्यांना मान्य नव्हता, कारण तिथला डॉक्टर पुरुष होता, परजातीचा होता आणि तो तोंडात बोटं घालतो असं त्यांच्या कानावर आलं होतं. परक्या पुरुषापुढं आ करून बसायचं म्हणजे काय, एवढंच त्या म्हणत आणि पुन्हा फडकं बांधत.

माझे यजमान शाळेत मास्तर होते. वडिलांपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती आणि आईपुढं बोलायची इच्छा नव्हती. ते सकाळी जात आणि शक्य तितक्या उशिरा परत येत, त्यामुळं या हकिगतीत त्यांचा फारसा संबंध येत नाही.

शेजारी विणकरांचं घर होतं. घरात तेलुगू बोलणारी माणसं. त्यांच्या मागाची खटखट दिवसभर आमच्या भिंतीतून यायची आणि दाढेला त्रास द्यायची. त्या घरची बाई दुपारी मागाच्या सुताच्या कांड्या भरून झाल्या की आमच्या मागच्या दारी पायरीवर येऊन बसत असे. एकदा सासूबाईंचं फडकं बघून तिनं आपल्या गालावर हात ठेवला. "पन्नु नोप्पी," ती म्हणाली, म्हणजे दातदुखी. "मला पन झाली होती की. दातोबाला गेले, दुखायची राहिली."

मग तिनं सगळं सांगितलं. गावाबाहेर, जुन्या छावणीच्या अंगाला, गोऱ्या लोकांचं कबरस्तान आहे. तिथं एका जुन्या थडग्यावर दातांचा देव निघालाय. त्याला धड नाही, केस नाहीत, नुसतं तोंड आणि तोंडात नुसते दात. आपला जो दात दुखतो देवाच्या त्याच दाताला लवंग लावायची, मग तीच लवंग आपल्या दाढेखाली धरायची आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. तिची दाढ राहिली, तिच्या नणंदेची राहिली, गिरणीतल्या कुणा जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, तर सुजलेला गालच उतरला. गुरुवारी जावं, त्या दिवशी गर्दी असते पण गुण लवकर येतो.

ती गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "पण ते साहेबाचं थडगं की."

सासूबाईंनी बराच विचार केला. मग फडकं थोडं खाली ओढून म्हणाल्या, "मेल्यावर कसला साहेब." आणि थोड्या वेळानं, स्वतःची समजूत पुरती घालत, "दगडाला विटाळ नसतो. पाटावरवंटा दगडाचाच असतो."

ज्या बाईला डॉक्टरची बोटं चालत नव्हती ती परधर्माच्या मढ्यापाशी जायला एका दुपारीत तयार झाली. मला ते बरंच होतं. मला गावाबाहेर जायला मिळणार होतं. लग्न झाल्यापासून मी आमची गल्ली आणि नळ यांपलीकडं सोलापूर पाहिलं नव्हतं.

मामंजींना कळू द्यायचं नव्हतं. पण सासूबाई खोटं बोलत नसत, त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी मामंजींना सांगितलं की आम्ही सिद्धेश्वराला जाऊन येतो, आणि टांगा खरोखरच आधी सिद्धेश्वराला नेला. तळ्यातल्या वाटेनं घाईघाईनं आत जाऊन नमस्कार केला, सासूबाईंनी देवाला हळू आवाजात काहीतरी समजावून सांगितलं आणि बाहेर येऊन टांगेवाल्याला म्हणाल्या, "आता छावणीकडं घे."

कबरस्तानाला दगडी भिंत होती आणि आत कडुनिंबाची झाडं. फाटकाशी बाजेवर एक म्हातारा मुसलमान चौकीदार बसला होता. त्याच्याजवळ पत्र्याच्या डब्यात लवंगा होत्या. बाहेरून आणलेल्या लवंगा चालत नाहीत, असं त्यानं आम्हाला बजावलं. "घर की लवंग कू गुन नहीं आता, अम्मा," तो म्हणाला. सासूबाईंनी घरून पदराला बांधून आणलेल्या लवंगा तशाच ठेवल्या आणि त्याच्याकडून घेतल्या. देवाच्या दारी वाद घालू नये, असं त्यांचं मत.

झाडाखाली माणसांची रांग होती. बहुतेक बाया. सगळ्यांचे गाल बांधलेले, त्यामुळं रांगेत कमालीची शांतता. आमची पाळी आली तेव्हा मी दातोबा पाहिला.

जमिनीवर आडवा पडलेला काळसर दगड, त्यावर खाली इंग्रजी अक्षरं, आणि वर कवटी. कवटी खोदणाऱ्या पाथरवटानं डोळ्यांची भोकं कशीबशी उरकली होती, नाक विसरलंच होतं म्हटलं तरी चालेल, पण दात देताना हात आखडता घेतला नव्हता. माणसाच्या तोंडात मावणार नाहीत इतके दात त्यानं दोन ओळींत ठासून बसवले होते. मला ते तोंड कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. सुपारी फोडायच्या आधी मामंजी असेच दिसत. मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडाला लावला. माझ्या मागच्या बाईला वाटलं माझीही दाढ ठणकतेय. तिनं कळवळून मला दगडाकडं पुढं केलं.

कवटीच्या खाली दोन हाडं होती, एकावर एक तिरपी टाकलेली. रांगेतली एक बाई त्यांना भिऊन मागं सरत होती. सासूबाई खाली वाकून नीट बघून म्हणाल्या, "हाडं कसली. निंबाच्या काड्या आहेत ह्या. दात घासायच्या." हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की रांगेतल्या सगळ्या माना हलल्या. पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा थडग्यावर निंबाच्या काड्यांचा ढीग पडलेला होता.

त्यांची दाढ डाव्या बाजूची, खालची. पण दातोबाची डावी बाजू कुठली, त्याच्या डाव्या हाताची की आपल्या, यावर अडलं. चौकीदार उठून आला. आरशात बघतो तसं धरायचं, असा त्यानं निवाडा दिला. सासूबाईंनी लवंग त्या दगडी दाताला लावली, मग ती तोंडात घातली आणि मला टांग्याकडं चलायची खूण केली. 'मेलीस का तिकडं' हीच ती खूण, पण त्या दिवशी तिचा अर्थ चांगला होता.

दाढ राहिली. पुरती नाही, पण राहिली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी भाकरीचा पापुद्रा मागून घेतला आणि खाल्ला. मी भीत भीत म्हटलं की लवंगेनं दाढ बधिर होतेच, माझी आईसुद्धा लवंग देते.

"इतकी वर्षं मी घरी लवंगा चघळतेच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा कुठं गेली होती तुझ्या आईची लवंग."

मी भाकरीचा दुसरा पापुद्रा पुढं केला.

मग आम्ही दर गुरुवारी सिद्धेश्वराला जायला लागलो. सासूबाईंची तब्येत सुधारली. त्या घरात हिंडूफिरू लागल्या, मला तोंडानं बोलू लागल्या. ते हातानं बोलण्यापेक्षा बरं होतं असं मी म्हणणार नाही, पण निदान कळत तरी होतं. मामंजी खूश होते. वाचनालयात त्यांचे चार पेन्शनर मित्र जमत, त्यांना ते सांगत की आमच्याकडची एवढी जुनाट दाढ निव्वळ मिठाच्या गुळण्यांनी आटोक्यात आली, नेम मात्र हवा.

त्याच वाचनालयात कुणीतरी त्यांना दातोबाची बातमी दिली. गावाबाहेर इंग्रजांच्या कबरीची लोक पूजा करतात, बाया रांगा लावतात, नारळ फुटतात. मामंजी पेटले. म्हसोबा, मरीआई यांच्यावर त्यांचा राग जुना होता, पण निदान ते आपले होते. आता सोलापूरकरांनी देव विलायतेहून आणायला सुरुवात केली, हे त्यांना सहन होईना. हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही, कारण असले विषय बायकांशी बोलायचे नसतात असंही त्यांचं मत होतं.

ते थेट पाद्रीसाहेबाकडं गेले. कोर्टात असल्यापासून त्यांची ओळख होती. पाद्री म्हातारा होता, उंच, लाल गालांचा, आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेला. तो मराठी असं बोलायचा की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा वेगळा दिसावा. मामंजींनी त्याला सांगितलं की तुमच्या स्मशानात आमचे लोक बिघडताहेत, तुम्ही यावर काहीतरी करा. त्यालाही ते माहीत नव्हतं. दोघांनी गुरुवारी दुपारी जाऊन समक्ष बघायचं ठरवलं.

त्या गुरुवारी मामंजी जेवून लगेच बाहेर पडले. आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो. सिद्धेश्वर उरकला आणि छावणीकडं आलो. गर्दी बेताची होती, पाळी लवकर आली. सासूबाई दगडापाशी उकिडव्या बसून दाताला लवंग लावत होत्या. मी शेजारी काड्या हातात घेऊन उभी होते. तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला.

"अज्ञान, पाद्रीसाहेब, दुसरं काय," आवाज म्हणत होता. "विशेषतः स्त्रीवर्गात. घरातल्या कर्त्या पुरुषानं लक्ष दिलं नाही, की हे असं होतं."

तो आवाज मी रोज ऐकत होते. माझ्या हातातल्या काड्या खाली पडल्या. सासूबाईंनीही आवाज ओळखला, पण त्यांचं बोट दातोबाच्या तोंडात होतं आणि लवंग अजून नीट लागली नव्हती. त्यांनी ते काम पुरं केलं. मग वळून बघितलं.

मामंजींचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. पाद्रीनं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा आमच्याकडं पाहिलं.

"या स्त्रिया आपल्या परिचयाच्या आहेत काय," त्यानं विचारलं.

मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ह्या," ते म्हणाले, "ह्या आमच्या घरातल्या."

रांगेत कुजबूज झाली. गाल बांधलेल्या बाया फडकी खाली करून बघायला लागल्या. पाद्री भला माणूस होता. त्यानं हॅट काढून सासूबाईंना नमस्कार केला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. हा देव नव्हे. हे चिन्ह आहे. पूर्वी आमच्या देशात लोक थडग्यावर कवटी आणि अस्थी खोदवत असत, ते जिवंत माणसांना आठवण राहावी म्हणून, की आपणही असेच मरणार आहोत.

सासूबाई परपुरुषाशी बोलत नसत, आणि नवऱ्यादेखत तर नाहीच. त्यांनी पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं तोंड केलं. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "मरणार आहोत हे आम्हाला माहीत आहे. आमच्याकडं हे रोज सकाळी पेपर वाचून कोण कोण गेलं ते सांगतात. त्याला दगड कशाला हवा."

पाद्री हातभर अंतरावर उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तरी मी ते त्याला पुन्हा सांगितलं. त्यानंही माझ्याकडंच बघत उत्तर दिलं. त्याला ही रीत बहुधा माहीत होती.

"आणि विचार," सासूबाई पुढं म्हणाल्या, "हा माणूस कोण होता. जिवंतपणी ह्याचे दात चांगले होते का."

पाद्री गुडघ्यावर बसला. त्यानं काड्या आणि नारळाच्या शेंड्या बाजूला सारून अक्षरांवरची माती रुमालानं पुसली आणि वाचलं. तोफखान्यातला शिपाई होता. लढाईत नव्हे, इथंच छावणीत तापानं गेला. वय एकवीस. दगड त्याच्या सोबत्यांनी वर्गणी काढून बसवला होता. पाद्रीनं नावही सांगितलं, पण ते आमच्यापैकी कुणाच्या जिभेला वळलं नाही.

सासूबाई दगडाकडं बघत होत्या. "एकवीस वर्षांचं पोर," त्या म्हणाल्या. "दात चांगलेच असणार." नंतर हळूच मला म्हणाल्या, "विचार, त्याच्या आईला कळवलं होतं का कुणी."

पाद्रीला ते ठाऊक नव्हतं. पत्र जहाजानं गेलं असेल, तो म्हणाला, त्या काळी पोचायला पाचसहा महिने लागत असत.

"म्हणजे तितके महिने ती वाट बघत होती, आणि हा इथं," सासूबाई म्हणाल्या. हे त्या माझ्याकडं तोंड करायचं विसरून थेट पाद्रीलाच म्हणाल्या. मामंजींनी मान खाली घातली. मला वाटलं आता त्या रडतात की काय. पण तेवढ्यात त्यांच्या दाढेनं कळ मारली असावी, कारण त्यांनी गाल दाबला आणि दातोबाच्या दाताला लावलेली लवंग काढून तोंडात टाकली.

ते बघून पाद्रीला राहवलं नाही. दुखणारा दात ठेवू नये, तो म्हणाला, देवानं तो काढायची सोय केली आहे. मिशनच्या दवाखान्यात अधूनमधून दातांची एक डॉक्टरीणबाई येते. स्त्री आहे. तिनं माझेही सर्व दात काढले. असं म्हणून त्यानं मागचापुढचा विचार न करता तोंडात हात घातला आणि वरचे सगळे दात काढून तळहातावर ठेवले.

रांगेतली एक बाई मटकन खाली बसली. चौकीदारानं अल्लाचं नाव घेतलं. मामंजी दोन पावलं मागं सरले आणि एका दुसऱ्या थडग्यावर बसले. पाद्रीचा चेहरा वरून खाली घसरला होता आणि तो तसाच, प्रसाद दिल्यासारखा, हात पुढं करून उभा होता. सासूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. पदर मागं सारून त्या तळहातावर वाकल्या. निरखून बघितलं, अलीकडून, पलीकडून. लवंग तोंडात असल्यामुळं आता बोलायचं नव्हतं. त्यांनी मला खूण केली. पहिल्यांदा मला कळली नाही. मग त्यांनी कडबोळं वळल्यासारखं बोट फिरवलं आणि दातांनी चावल्यासारखं केलं.

"सासूबाई विचारताहेत," मी म्हटलं, "यानं कडबोळी चावता येतात का."

पाद्रीनं दात जागेवर बसवले. "कडबोळी," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि शेंगदाणेसुद्धा."

परत जाताना मामंजी आमच्याच टांग्यात पुढं टांगेवाल्याशेजारी बसले. वाटभर ते बोलत होते. बोलायचं नाही हा दातोबाचा नियम असल्यामुळं सासूबाईंना एका शब्दाचंही उत्तर द्यावं लागलं नाही, आणि मामंजींना इतका वेळ न अडता बोलायला लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच मिळालं. विवेक, इज्जत, वाचनालयातली माणसं, सगळं येऊन गेलं. टांगेवाला मधून मधून मान डोलवत होता. घर आलं. सासूबाई उतरल्या, उंबरा ओलांडला, तोंडातली लवंग काढली आणि शांतपणे म्हणाल्या, "मिठाच्या गुळण्यांनी काहीही झालेलं नाही."

मामंजी त्या रात्री नीट जेवले नाहीत. त्यांना बायकोनं थडगं पुजल्याचा धक्का बसला होता की गुळण्यांचा, हे मला सांगता येणार नाही. पण डॉक्टरीणबाई कधी येणार याची चौकशी त्यांनीच केली आणि टांगाही त्यांनीच ठरवला. सासूबाईंनी एकच अट घातली, की त्यांनी आत यायचं नाही. ते बाहेर निंबाखाली छत्री घेऊन बसत आणि आत मी सासूबाईंचा हात धरून उभी राही. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघून सांगितलं की दुखणारी दाढ एक असली तरी बाकीच्यांतही राम नाही, सगळेच काढावे लागतील. ते काम पुष्कळ फेऱ्यांत झालं.

शेवटी तोंडाचं पार बोळकं झालं. हिरड्या भरून येईपर्यंत नवे दात मिळणार नव्हते. सासूबाई त्या महिन्यांत पुढच्या दारी आल्याच नाहीत. आरसा त्यांनी उलटा करून ठेवला होता. एकदा मला म्हणाल्या, "आता मी त्या दगडासारखीसुद्धा दिसत नाही." त्या दिवसांत मामंजींनी सुपारी सोडली. का सोडली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी त्यांना विचारलं नाही. जेवणानंतर ते चिमूटभर बडीशेप घ्यायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे.

दात मुंबईहून तयार होऊन आले. डबीत कापसावर ठेवलेले, गुलाबी हिरड्यांसकट. आता सोवळ्याचा प्रश्न निघाला. हे कशाचे केलेत, असं सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. हिरड्या रबराच्या आणि दात चिनीमातीचे, असं उत्तर मिळालं. रबर झाडाचं, माती जमिनीची, त्यात वाईट काय, असं म्हणून त्यांनी ते मंजूर केले. तरी घरात आल्यावर त्यांनी दात गंगेच्या पाण्यानं धुतले, तांब्याच्या ताम्हनात देवापुढं ठेवले, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि गुळाचा खडा दाखवला. मामंजी दारात उभे राहून हे बघत होते. त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, दातांच्या एका कवळीची षोडशोपचारे पूजा चालली होती. आरती झाल्यावर त्यांनी हातसुद्धा जोडले. सवयीनं जोडले असतील.

दातांनी सासूबाई पार बदलल्या. गाल भरले, वय उतरलं. फक्त एक झालं. 'स' म्हणताना शीळ वाजायची. त्यांना दिवसातून शंभर वेळा 'सूनबाई' म्हणायचं असायचं, त्यामुळं घरात सारखी शीळ. त्या रागावल्या की ती जास्तच लांब जाई, आणि मला हसू दाबायला मागच्या दारी पळावं लागे. शेजारची विणकरीण तिथं आधीच तोंडात पदर कोंबून बसलेली असे. सासूबाईंना ते कळत होतं. त्यांनी हळूहळू मला 'मुली' म्हणायला सुरुवात केली. शिळेपायी का होईना, मला त्या घरात नवं नातं मिळालं.

पहिल्यांदा त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली तेव्हा आम्ही सगळे बघत बसलो होतो. अर्धी भाकरी झाल्यावर त्या थांबल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही हे खात होता."

"खात होतो," मामंजी अपराध्यासारखे म्हणाले.

दातोबाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. पाद्रीनं कवटीवर चुना थापायचा बेत केला होता, पण तो त्यानं अमलात आणला नाही. काही महिन्यांनी जुना चौकीदार गेला आणि नवा आला त्याला लवंगांत रस नव्हता. त्याच सुमारास आमच्या पेठेत विजेचे खांब उभे राहिले आणि त्यांवर पत्र्याच्या पाट्या लागल्या. तांबड्या रंगात कवटी, खाली दोन हाडं. कोपऱ्यावरच्या खांबाला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात कुंकू लावलं. दातोबा गावात राहायला आला, एवढ्या लांब जायची गरज नाही, अशी बोलवा झाली. मामंजींनी नगरपालिकेला अर्ज करून खांबाभोवती बाभळीच्या काट्या लावून घेतल्या. त्यांचा त्या विषयातला हा एकुलता एक विजय.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. दुसरी कवळीही करून झाली, ती शीळ वाजवत नव्हती आणि म्हणून त्यांना फारशी आवडली नाही. त्या गेल्या तेव्हा अंघोळ घालायच्या वेळी गुरुजींनी विचारलं की तोंडातलं ते काढायचं की ठेवायचं. शास्त्रात त्याबद्दल काही सापडेना. शरीराबरोबर परकी वस्तू जाऊ नये, असं गुरुजींचं म्हणणं पडलं. बायांनी दात काढले. मामंजी तोवर भिंतीला टेकून बसले होते. ते काठी टेकत उठले, जवळ आले, आणि बराच वेळ सासूबाईंच्या तोंडाकडं बघत राहिले.

"घाला परत," ते म्हणाले. "तसं नको. ती माझ्यावर चिडल्यासारखी दिसते."

गुरुजींनी मामंजींकडं बघितलं आणि पोथी मिटली. मी दात धुतले आणि घातले.